गोव्यात शाकाहारी माणसाने बाहेर कुठे आणि कसं जेवावं

गोव्यात येणारी शाकाहारी मराठी मंडळी बहुतेक वेळा दोनच गोष्टी खाऊन परत जातात: उडपी हॉटेलातला मसाला डोसा आणि किनाऱ्यावरचं पनीर. दोन्हींत वाईट काही नाही, पण ते सोलापुरातही मिळतं. मी लग्नानंतर सांगलीहून गोव्यात आले. माहेर शाकाहारी, सासरही शाकाहारी. इथे राहून माझं ठाम मत झालंय की गोव्याचं स्वतःचं शाकाहारी जेवण आपल्याकडच्या कुठल्याही भागाच्या जेवणाला तोडीस तोड आहे. फक्त ते बाहेरच्या माणसाला आपणहून कुणी वाढत नाही. कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या गावात आणि काय म्हणून मागायचं, एवढं कळलं की ते पानात येतं. पाहुणे आले की दरवेळी हेच सगळं समजावून सांगते, तेच इथे क्रमाने लिहून काढलंय.

निघण्यापूर्वी जवळ ठेवायच्या गोष्टी फार नाहीत:

- सुटे पैसे. यूपीआय जवळजवळ सगळीकडे चालतं, पण सकाळच्या गर्दीत चहाच्या हॉटेलात रोख दिलेली बरी पडते.
- फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात रेंज जाते.
- खाली दिलेली चार-पाच कोकणी वाक्यं.
- समुद्रावर दिवस काढणार असाल तर थोडा कोरडा खाऊ, विशेषतः लहान मुलं किंवा मधुमेह असलेलं कुणी बरोबर असेल तर.

1. आपलं काय चालतं, ते आधी घरात ठरवा

हॉटेलात बसल्यावर ठरवायला गेलात तर वाद होतात. तीन गोष्टी बोलून घ्या. अंडं चालतं का? कांदा-लसूण चालतो का? आणि ज्या तव्यावर मासळी भाजली त्याच तव्यावरची वांग्याची कापं चालतील का? तिसरा प्रश्न गोव्यात सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेकांना तो सुचतच नाही. माझ्या सासूबाईंना तिन्ही चालत नाही, नवऱ्याला वेगळ्या तव्याचं फारसं वाटत नाही. त्यामुळे सासूबाई बरोबर असल्या की आम्ही फक्त पूर्ण शाकाहारी हॉटेलात किंवा देवळाच्या परिसरात जेवतो, आणि दोघंच असलो की मासळीच्या खानावळीतही बसतो. कोण बरोबर आहे, त्यावरून जागा निवडायची.

2. वार आणि घड्याळ बघा

गोव्यातली बरीच हिंदू कुटुंबं मासे खाणारी असली तरी सोमवारी मासळी करत नाहीत. काहींचे कुलदेवतेप्रमाणे आणखीही वार असतात. श्रावणात तर कितीतरी घरं महिनाभर शिवराक जेवतात. गोव्यात शाकाहारी जेवणाला शिवराक म्हणतात. याचा फायदा आपल्याला असा की हिंदू खानावळींत सोमवारी शिवराक थाळीला मागणी असते, त्यामुळे भाज्या मन लावून केलेल्या असतात. रविवारी दुपारी उलट परिस्थिती. मासळीच्या थाळीला रांगा लागलेल्या असतात, तुमचे प्रश्न ऐकायला कुणाला सवड नसते, आणि शाकाहारी थाळी म्हणून कालवण वगळून उरलेलंच पुढे येतं. रविवारी दुपारी शाकाहारी हॉटेलातच जा.

वेळेचंही तसंच. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. तीन वाजता बहुतेक खानावळींची चूल बंद झालेली असते आणि संध्याकाळी सातपर्यंत पेटत नाही. दुपारची झोप हा इथला साधा, सर्वमान्य प्रकार आहे. मुंबई-पुण्याच्या सवयीने साडेतीनला जेवायला निघालात तर सामोसा नि चहावर वेळ निभावावी लागेल. आणि चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीच्या पहिल्या दोन दिवसांत, हिंदूंची लहान हॉटेलं बंदच असतात. सगळे आपापल्या मूळ घरी गेलेले असतात. त्या दिवसांत येणार असाल तर राहण्याच्या जागीच जेवणाची सोय आहे का, ते आधी विचारा.

3. सकाळची सुरुवात भाजी-पावाने करा

शाकाहारी माणसासाठी गोव्यातली सर्वांत सुखाची वेळ म्हणजे सकाळ. शहर असो वा खेडं, नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात सकाळी भाजी-पाव मिळतो. ही आपली पावभाजी नव्हे. बटर आणि लाल मसाल्याचा इथे संबंध नाही. बशीत पातळ भाजी येते, बाजूला ताजा पाव, आणि हवी असेल तर मिरचीची भजी.

प्रकार समजून घ्या. पातळ भाजी वाटाण्याची, चण्याची किंवा आळसांद्यांची (आपण चवळी म्हणतो त्यातलाच हा प्रकार) असते, नारळाच्या वाटणात केलेली. सुकी भाजी बटाट्याची. मिक्स मागितली तर सुक्या भाजीवर पातळ भाजी घालून देतात, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने तीच मागावी. कुठे मुगाची मिळते, कुठे टोमॅटोची. बऱ्याच ठिकाणी गोडसर, केळं घातलेले बन्सही असतात. ते पातळ भाजीबरोबर खा, नुसते नको.

पावातही निवड आहे. मऊ चौकोनी पाव सगळ्यांना माहीत असतो. उंडो गोल आणि वरून कडक. पोई चपटी, पोकळ, वरून कोंडा लावलेली. भाजी भरून खायला हीच उत्तम. काकणं बांगडीसारखी कडक, चहात बुडवायची. पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. या रोजच्या पावांत अंडं नसतं.

पणजीत कॅफे तातो आणि कॅफे भोसले इथली सकाळची लोकांची ये-जा बघितली की भाजी-पाव किती आवडीने खातात, याचा तुम्हाला अंदाज येईल. मडगावात बॉम्बे कॅफेचं नाव कुणीही सांगेल. तिथे टेबलावर अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं, आणि खाऊन झाल्यावर फार वेळ रेंगाळायचं नसतं. मागे लोक उभे असतात.

एक सावधगिरी. संध्याकाळी रस्त्याकडेच्या गाड्यांवर जो रोस-पाव किंवा रोस-ऑमलेट मिळतो, त्यातला रोस, म्हणजे रस्सा, बहुधा कोंबडीच्या शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसालेदार कालवणाचा) असतो. दिसायला तो पातळ भाजीसारखाच तपकिरी. त्याच गाडीवर कटलेट-पाव नि चोरिस-पाव असतो, त्यातलं कटलेटही मांसाचं आणि चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. त्या गाड्यांवर आपल्याला खाण्यासारखं काही नाही, असंच धरून चाला.

4. दुपारचं जेवण शक्य असेल तर फोंड्याकडे

नकाशावर शोधताना नाव नीट बघा. फोंडा घाट सिंधुदुर्गात, कणकवलीकडे. आपल्याला हवा तो गोव्यातला फोंडा तालुका, पणजीहून साधारण 30 किलोमीटर.

हा तालुकाच का, याला इतिहास आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी (आजच्या पणजीकडचा भाग) घेतली, नंतर शेजारचे बार्देस आणि साष्टी. 16व्या शतकात तिथली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा भाग पोर्तुगीजांकडे गेला तो 1763 मध्ये, तोवर ही देवस्थानं तिथे पक्की रुजली होती. देवस्थान आलं की महाजन (देवळाची परंपरेने व्यवस्था बघणारी घराणी) आले, उत्सव आले, अग्रशाळा (देवळाच्या धर्मशाळा) आल्या, आणि नैवेद्याचं कांदा-लसूण नसलेलं जेवण आलं. आजही मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या पट्ट्यात देवळाच्या आवारात किंवा दारासमोर साधं शाकाहारी जेवण मिळतं. सासूबाईंसारख्या माणसांना घेऊन जायला यापेक्षा निर्धास्त जागा नाही.

अग्रशाळेत राहायची सोय असते. तिथे जेवायचं असेल तर सकाळीच कार्यालयात सांगून ठेवा, आयत्या वेळी पान मिळेलच असं नाही. उत्सवाच्या दिवशी महाप्रसाद असतो. त्या दिवशी पंक्तीला बसायला मिळालं तर दुसरीकडे जाऊच नका. देवळात पोशाखाचे नियम आहेत, समुद्रावरून तसेच आखूड कपड्यांत येऊ नका.

याच तालुक्यात मसाल्यांच्या बागा आहेत. बाग दाखवून झाली की जेवण देतात, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ मात्र एकाच टेबलावर मांडलेले असतात आणि डाव एका भांड्यातून दुसऱ्यात जातो. वाढायला सुरुवात होताच पहिल्या पाच मिनिटांत पान घ्या.

पणजीतच असाल तर चर्चजवळचं कामत आणि नवताराच्या शाखा ही पूर्ण शाकाहारी, विश्वासाची ठिकाणं आहेत. नवतारा म्हापशाकडेही आहे. तिथे दाक्षिणात्य आणि पंजाबी पदार्थ जास्त मिळतील, पण तव्याची चिंता नाही.

5. मेनू बाजूला ठेवा, नाव घेऊन मागा

माझा जीव या जेवणात आहे, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

खतखतं. एका भाजीचं नाव सांगता येणार नाही असा हा पदार्थ: सुरण, रताळं, लाल भोपळा, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्चं केळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, जे हंगामात असेल ते, तुरीच्या डाळीबरोबर शिजवून नारळाचं वाटण, गूळ, आंबटासाठी सोलं (आमसुलं) आणि वरून तिरफळं. कांदा नाही, लसूण नाही. चवथीला घरोघरी होतं, आणि चांगल्या खानावळीत सणावारी किंवा सोमवारी मिळतं.

तिरफळाबद्दल एक सांगायलाच हवं. इथे बांगड्याच्या हुमणातही, म्हणजे मासळीच्या कालवणातही, तिरफळं घालतात. त्यामुळे एकदा तो वास मासळीशी जोडला गेला की खतखत्यातही मासळी असल्याचा भास होतो, आणि कितीतरी शाकाहारी पाहुणे ताट बाजूला सारतात. तसं करू नका. वास तिरफळाचा आहे. फळ चावू मात्र नका, जिभेला झिणझिण्या येतात; ते फक्त स्वादासाठी असतं, काढून पानाच्या कडेला ठेवायचं.

मुगागाठी म्हणजे मोड आणून सोललेले मूग नारळाच्या रसात. यातही कांदा-लसूण नसतो. पोटाला हलकं, म्हाताऱ्या माणसांना उत्तम.

तोंडाक याच्या उलट, कांदा आणि भाजलेल्या खोबऱ्याचं, गरम मसाल्याचं. आळसांद्यांचं, वालाचं, अळम्यांचं (अळंबीचं). उन्हाळ्यात, फेब्रुवारी-मार्चपासून पुढे, ओल्या काजूंचं तोंडाक मिळतं. ओल्या काजूला इथे बिब्बे म्हणतात, औषधी बिब्ब्याशी गल्लत करू नका. महाग असतं, तरी हंगामात एकदा तरी खा.

सासव म्हणजे मोहरी आणि नारळ वाटून केलेलं आंबट-गोड-तिखट कालवण. उन्हाळ्यात रायवळ आंब्यांचं, नंतर अंबाड्यांचं (हे आंबट फळ, अंबाडीची पालेभाजी नव्हे), एरवी अननसाचं. भाताशी थोडंथोडं घ्यायचं.

कापं: वांग्याची, सुरणाची, नीरफणसाची, मसाला लावून रव्यात घोळवून तव्यावर भाजलेली. ताळगावची वांगी आकाराने मोठी, त्यांची कापं तळव्याएवढी होतात. शाकाहारी थाळीत मासळीच्या तुकडीची जागा हीच घेतात, आणि तव्याचा प्रश्न सर्वांत जास्त इथेच येतो.

भात कुठला, हे विचारतील: उकडा की सुरय. सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा नेहमीचा भात, उकडा म्हणजे उकडलेल्या तांदळाचा, जाड, लालसर भात. पहिल्यांदा तो घशाखाली उतरत नाही असं वाटेल, पण खतखत्याशी आणि तोंडाकाशी तोच चांगला लागतो. शेवटी सोलकढी घ्या. नारळाचं दूध नको असेल तर फुटी कढी मागा, तीही सोलांचीच.

पेलाभर सोलकढी दिली की थाळी संपली असं समजू नका. बहुतेक खानावळींत भात, वरण नि भाजी पुन्हा वाढतात. न विचारता वाढलं नाही तर हाक मारा. ‘भाऊ’ म्हटलेलं चालतं. गल्ल्यावरच्या वयस्कर मालकाला लोक ‘पात्रांव’ म्हणतात, तुम्हीही म्हणा.

6. मासळी कुठे लपलेली असते

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

सुकी सुंगटं. मासळीच्या खानावळीत भेंडी, दुधी, मुळा, कोबी अशा साध्या भाजीतही मूठभर सुकी किंवा ओली कोलंबी घालायची पद्धत आहे. चवीसाठी घालतात, फसवण्यासाठी नव्हे. इथल्या घरांत ती ‘भाजी’च असते. सुकवलेली बारीक कोलंबी, जिला आपण जवळा म्हणू, तिला इथे गालमो म्हणतात आणि ती खोबऱ्यात मिसळली की डोळ्याला दिसत नाही.

किसमूर. थाळीत भाताशेजारी सुक्या चटणीसारखा छोटा ढीग येतो. खोबरं, कांदा, मिरची दिसते. आत सुका बांगडा किंवा सुकी कोलंबी असते. लोणच्याच्या जागी बालचांव किंवा पारा येतो, त्यांतही कोलंबी आणि सुकी मासळी. थाळीतली प्रत्येक छोटी वाटी विचारून घ्या.

शाकुती आणि कालदीन. मशरूम शाकुती, व्हेज कालदीन (नारळाच्या दुधातलं सौम्य कालवण) अशी नावं कार्डावर असतात. काही ठिकाणी रस्सा एकच करून ठेवलेला असतो आणि ऑर्डरप्रमाणे त्यात तुकडे घालतात. म्हणून ‘यात चिकन आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येईल आणि ते खरंही असेल. ‘रस्सा वेगळा केलाय की चिकनच्याच रश्शात मशरूम घातलंय?’ असं विचारा. सूप आणि पुलावाचंही तसंच: पाणी कसलं वापरलं, हे विचारायचं.

विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. किनाऱ्यालगतच्या हॉटेलांत वाढणारा मुलगा बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातून हंगामापुरता आलेला असतो. स्वयंपाकघरात काय घातलं, हे त्याला ठाऊक नसतं, आणि नकार द्यायला तो बिचारा संकोचतो. त्याला बाजूला सारून नव्हे, पण त्याच्याच मदतीने आचाऱ्याला किंवा मालकाला विचारा. मराठी बहुतेकांना कळतं. तरी कोकणीत विचारलं की माणूस थांबून नीट उत्तर देतो, हा माझा अनुभव आहे:

- म्हाका शिवराक जेवण जाय. (मला शाकाहारी जेवण हवं.)
- शिवराक कितें आसा? (शाकाहारी काय आहे?)
- हातूंत सुंगटां आसात? (यात कोलंबी आहे का?)
- नुस्तें नाका, मास नाका. (मासळी नको, मांस नको.)
- हातूंत तांतयां आसात? (यात अंडी आहेत का?)

वेगळ्या तव्याची विनंती ऑर्डर देतानाच करा आणि शांतपणे करा. गर्दीच्या वेळी ती पाळली जाईलच असं नाही. तेव्हा कापं सोडून तोंडाक-भात मागवणं शहाणपणाचं. आणि चुकून पानात काही आलं तर आवाज चढवू नका. मासळी हा इथल्या माणसाचा रोजचा घास आहे. त्याच्या घरात बसून त्याच्या जेवणाला नाक मुरडणं मला कधीच पटलेलं नाही. ‘हे मी खात नाही, बदलून द्याल का?’ एवढं पुरतं.

7. किनाऱ्यावर

शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती हॉटेलं, ऑक्टोबरच्या आसपास उभे राहतात आणि मेअखेर काढले जातात. तिथे एकच भट्टी, एकच तेल असतं. तळलेलं काही घेऊ नका; डाळ, भात, कोशिंबीर, फळं यांवर भागवा. हरमल, हणजुणे, आसगाव, आगोंद या भागात परदेशी पाहुण्यांमुळे पूर्ण शाकाहारी आणि दूधही न वापरणारे कॅफे बरेच झालेत. जेवण स्वच्छ असतं, गोव्याचं नसतं, आणि दर शहरातल्या थाळीच्या कितीतरी पट. बिल बघून घ्या: रेस्टॉरंटचा 5 टक्के जीएसटी लागू आहे, पण सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावू नये असं सांगितलं आहे. नको असेल तर काढायला सांगा.

8. ख्रिस्ती पद्धतीच्या हॉटेलात गेलात तर

मित्रमंडळींबरोबर जावं लागतंच, आणि जावंही. तिथे सान्नां मागा: तांदूळ-नारळाच्या, इडलीपेक्षा मऊ आणि किंचित गोड. त्या पारंपरिक रीतीने माडाच्या सुरेवर फुगवतात, त्यामुळे ज्यांना मद्याचा अंशही चालत नाही त्यांनी आधी विचारावं. इथला व्हिनेगरही माडाच्या सुरेचाच. घेवड्यासारख्या दाण्यांची फेजोआदा शाकाहारी वाटते, पण तिच्यात चोरिस किंवा डुकराचं मांस असतं. काल्दो व्हेर्दे हे पालेभाजीचं सूप, त्यातही सॉसेजचे तुकडे घालायची रीत आहे. भेंडीचं कालदीन कोलंबीशिवाय करून मिळेल का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारलं तर लहान, घरगुती हॉटेलवाले आनंदाने करून देतात. आयत्या वेळी मात्र अवघड.

9. गोड

बेबिंक गोव्याची शान, आणि त्यात अंड्यांचे बलक भरपूर. अंडं न खाणाऱ्यांनी बेबिंक, बोलिन्हास नावाची नारळाची बिस्किटं आणि बाथ हा रव्याचा केक, तिन्ही सोडावेत. अळेबेळे म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण भरलेली घावनासारखी गुंडाळी. तिच्या पिठात अंडं असतं का, ते विचारा. उरलेलं निश्चिंत खा: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध नि माडाच्या गुळाचं दोदोल, चणाडाळीची दोस, पेरूची पेराद. हिंदू घरांतल्या गोडात तर बहुधा अंडं नसतंच. चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या दुधाचं मणगणं कुठे दिसलं तर सोडू नका. पावसाळ्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि मोठ्या काकडीची तवसळी मिळते.

बांधून नेताना पाकिटावरची खूण बघा. कायद्याने अंडं मांसाहारात धरलं जातं, त्यामुळे हिरवा ठिपका असेल तर अंडं नाही. तपकिरी त्रिकोण असेल तर ठेवून द्या.

10. जमलं तर पावसाळ्यात या

1 जून ते 31 जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते. त्याच सुमारास रानभाज्या येतात आणि मागोमाग श्रावण लागतो. टाकळा (इथे तायकिळो), तेरं म्हणजे रानअळू, करटोली (इथे फागलां), बांबूचे कोवळे कोंब, लांबलचक सात शिरांची भेंडी. आणि रोंणाची अळमी: वाळवीच्या वारुळांवर उगवणारी रानटी अळंबी, जून-जुलैत थोडेच दिवस मिळणारी. त्यांचं तोंडाक किंवा शाकुती ज्याने खाल्लीय त्याला पनीर मागावंसं वाटणार नाही. मात्र ती महाग असतात, आणि अभयारण्यातून ओरबाडून आणलेली घेऊ नका असं मी आवर्जून सांगेन; वारूळ मोडलं की पुढच्या वर्षी तिथे अळमी नाहीत. शहरातल्या हॉटेलात ‘मशरूम’ लिहिलेलं बहुधा शेतातलं पांढरं बटण मशरूम असतं, ते रोंणाच्या अळम्यांच्या भावाने घेऊ नका.

11. राहायलाच आला असाल तर

बदली होऊन आलेल्यांनी पहिल्या आठवड्यात ऑफिसमधल्या स्थानिक सहकाऱ्याला घरगुती डब्याबद्दल विचारावं. शिवराक डबा देणाऱ्या बायका प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांच्या पाट्या कुठे लागत नाहीत. डबा ठरवताना सुक्या सुंगटांचं स्पष्ट बोलून घ्या आणि एक आठवडा चव बघून मगच महिन्याचे पैसे द्या.

पाव विकत घ्यायला बाहेर जावं लागत नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरून भोंपू वाजवत दारावरून जातो. पोई हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, ती लवकर संपते. भाजीसाठी गोवा फलोत्पादन महामंडळाचे गाळे चौकाचौकांत आहेत, दर बाजारापेक्षा कमी असतात. नारळ, सोलं, मसाले यांसाठी गोवा बागायतदारची दुकानं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एकदा तरी करा, सकाळी लवकर, आणि वाळवलेली तिरफळं तिथूनच घ्या. घट्ट झाकणाच्या बरणीत ती बराच काळ टिकतात.